डिटेक्टर मुका झाला

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाण्याच्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह भर टाकताना गाडला गेला. तो शोधायला सासऱ्यांनी हौसेने बनवलेला मेटल डिटेक्टर माळ्यावरून काढला. चालत होता, पण खोलवरचं दाखवेना. म्हणून 6 इंची कॉइल काढून तेवढेच 20 वेढे 12 इंची प्लायवूडच्या चकतीवर घातले. वरून पोळ्यांची अॅल्युमिनियम फॉइल गच्च गुंडाळली. आता नॉब कसाही फिरवा, शिट्टीच नाही. सर्किटवर सासऱ्यांच्या अक्षरात ‘100 किलोहर्ट्झ’ लिहिलंय. काय जळलं असेल?

– एक वाचक, पुणे 38

उत्तर : ताई, बहुधा काहीच जळलेलं नाही. तपकीर गल्लीत ट्रान्झिस्टर आणायला धावू नका. तुमच्या वर्णनावरून यात दोन ऑसिलेटर (ठरावीक वेगाने विजेची आंदोलनं काढणारी सर्किटं) आहेत, एक पेटीतला आणि एक कॉइलचा. दोघांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक म्हणजे ती शिट्टी. वेढे तेवढेच ठेवून व्यास दुप्पट केलात, की इंडक्टन्स (कॉइलचा तो गुण, जो वाढला की फ्रिक्वेन्सी उतरते) जवळजवळ अडीचपट होतो आणि कॉइलच्या ऑसिलेटरचे 100 चे साधारण 65 किलोहर्ट्झ होतात; पेटीतला मात्र 100 वरच राहतो. फरक 35 चा. माणसाचा कान फार तर 20 पर्यंत ऐकतो (माझा आता 10 पर्यंत तरी जातो का, शंकाच आहे). म्हणजे शिट्टी वाजत असली तरी तुमच्या-माझ्यासाठी नाही. वेढे 20 चे 13 करा, म्हणजे इंडक्टन्स पहिल्याइतकाच होईल.

पण त्याआधी फॉइल बघा. तिची दोन टोकं एकमेकांना टेकली असतील, तर ती कॉइलभोवतीची शॉर्ट झालेली बांगडीच झाली. कॉइलची ताकद ती खाते, ऑसिलेटर बंदसुद्धा पडतो. मीही कॉलेजात असताना अशीच ‘नीट’ गुंडाळली होती, आणि आठवडाभर बिचाऱ्या कंडेन्सरांना शिव्या घातल्या. एका जागी अंगठ्याएवढी फट कापा. फॉइलला बारीक उघडी तार गुंडाळून ती बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. अॅल्युमिनियमला साधा सोल्डरचा डाग लागत नाही, त्या नादी लागू नका.

ऑसिलेटर जिवंत आहे का, ते रेडिओ सांगेल. मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर कॉइलवर धरून काटा सावकाश फिरवा. मधूनमधून शिट्टी लागली आणि कॉइलजवळ तवा आणताच तिचा सूर बदलला, तर कॉइलचं काम चालू आहे.

जमिनीबद्दल एक. आपल्याकडचा मुरूम काळ्या दगडाचा, त्यात लोहखनिज असतं. मोठी कॉइल वर-खाली झाली की नुसत्या मातीनेही सूर हलेल, म्हणून उंची सारखी ठेवा. भरावात सळ्यांचे तुकडे असतील, तर तेही ओरडतील.

सासऱ्यांची 6 इंची कॉइल टाकली नाहीत ना? मोठीने जागेचा अंदाज आला, की कुदळ मारण्याआधी तीच परत लावा. 12 इंची कॉइल व्हॉल्व्ह वीतभर इकडेतिकडेही दाखवते.