डीपीचं तेल बदलायचं की वाळवायचं?

प्रश्न : काका, आमच्या शिवारातली १०० केव्हीएची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, या रब्बीत दोनदा जळाली. संत्र्याच्या बागा आणि हरभऱ्याचं ओलीत, सगळं तिच्यावरच आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, तेल खराब झालं. आम्ही वर्गणी काढून नवं तेल टाकायला तयार आहोत. डीपी टिकेल का? – एक शेतकरी, वरूड तालुका

उत्तर : भाऊ, वर्गणी काढू नका. डीपी वीज कंपनीची, तिच्यातलं तेलही कंपनीनंच पाहायचं. आणि नुसतं तेल बदलून डीपी टिकत नाही, हे मी ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात तेल तपासण्यात उमर घालवून सांगतो आहे.

या तेलाकडे दोन कामं असतात : वाइंडिंगमधली (आतल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत नेणं, आणि ११ हजार व्होल्टला जागच्या जागी रोखून धरणं. दुसरं काम पाणी बिघडवतं. दहा लाख भाग तेलात पाण्याचे थोडेसे भाग मिसळले, त्यात वाइंडिंगवर गुंडाळलेल्या कागदाचे बारीक तंतू असले, की तेलाची ताकद झपाट्यानं उतरते. ती मोजायला आम्ही तेल भांड्यात घेतो, २.५ मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड ठेवतो आणि ठिणगी पडेपर्यंत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, चढवतो. असं सहा वेळा करून सरासरी काढायची, हाच बीडीव्ही. तुमच्या डीपीसारख्या चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये तो ३० केव्हीच्या (३० हजार व्होल्टच्या) खाली गेला, तर तेलावर प्रक्रिया करायलाच हवी. चांगलं गाळून वाळवलेलं नवं तेल ६० केव्हीच्या वर सहज जातं.

आता मुख्य गोष्ट. डीपीतलं बहुतेक सगळं पाणी तेलात नसतं, ते वाइंडिंगवरच्या कागदात असतं. श्रावणात उघडा ठेवलेला पापड जसा मऊ पडतो, तसा हा कागद ओल ओढून घेतो. तुम्ही जुनं तेल काढून कोरडं नवं तेल भरलंत, तर काही दिवसांत कागद आपलं पाणी त्या तेलात सोडतो आणि बीडीव्ही पुन्हा खाली येतो. पैसे पाण्यात गेले, डीपी ओलीच राहिली.

ही ओल येते कुठून? शेतीची वीज पाळीनं मिळते. पाळी सुरू असताना तेल तापून फुगतं आणि हवा बाहेर जाते. वीज गेली की डीपी थंड होते, तेल आकसतं आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. ही हवा ब्रीदरमधल्या, म्हणजे डीपी जिथून श्वास घेते त्या डबीतल्या, सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या दाण्यांमधून कोरडी होऊन जायला हवी. जेल निकामी असेल, तर प्रत्येक पाळीगणिक ओल आत. त्यात आणखी एक भर. २० अंशांना दहा लाख भाग तेलात पाण्याचे साधारण ५० भाग विरघळतात, ६० अंशांना त्याच्या चौपटीहून जास्त. गरम तेलात विरघळलेलं हे पाणी डीपी थंड झाली की थेंब होऊन वेगळं पडतं. मग वीज येते, ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, आणि नेमक्या ओल्या तेलावर सगळ्यात मोठा ताण येतो. माझ्या मते हे ऑटो स्विच काढणं तेलाइतकंच महत्त्वाचं आहे. गावानं ठरवून मोटरी एकामागून एक सुरू केल्या, तर डीपीला श्वास मिळतो.

म्हणून मागणी अशी करा : दुरुस्तीत वाइंडिंग भट्टीत वाळवा, तेल फिल्टर मशीनवर घ्या. या मशीनमध्ये तेल ६० अंशांच्या आसपास गरम करून निर्वातात सोडतात. पाणी आणि विरघळलेली हवा निघून जाते, कचरा गाळणीवर राहतो. एका फेरीत भागत नाही, बीडीव्ही येईपर्यंत तेल फिरवत राहावं लागतं. दुरुस्तीच्या कागदावर तो आकडा लिहून मागा.

तेल काळं पडलं, आंबट वास आला, तर गोष्ट वेगळी. ते उष्णता, हवा आणि तांब्यामुळे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल बनलं आहे. पुढे त्यातून गाळ होतो, तो वाइंडिंगवर बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गाळणीनं आम्ल निघत नाही. त्यासाठी तेल मुलतानी मातीच्या थरातून सोडतात आणि नंतर ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन पुन्हा घालतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत ओव्हरलोड डीपी चालली, की हे वय फार लवकर चढतं.

प्रश्न : ब्रीदरमधले दाणे गुलाबी दिसतात. चालतील का? – एक वाचक, मोर्शी तालुका

उत्तर : नाही. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ओलीनं भरले. लाइनमनला सांगून बदलून घ्या, आणि खालच्या वाटीत तेल आहे ना तेही पाहायला सांगा. ती रिकामी असली की हवा धुळीसकट वर जाते. तुम्ही मात्र डीपीवर चढू नका, वीज गेलेली असली तरी.

प्रश्न : गुडघ्याला डीपीचं तेल चोळतात. उपयोग होतो का? – एक आजी, चांदूर बाजार तालुका

उत्तर : आजी, हे खनिज तेल आहे, औषध नाही. वापरलेल्या तेलात आम्लं आणि ठिणग्यांमधून तयार झालेली द्रव्यं असतात. कातडीला खाज, फोड येऊ शकतात. गुडघा डॉक्टरांना दाखवा. आणि बाटलीभर तेल काढून नेणाऱ्या पोरांना घरातूनच अडवा. तेलाची पातळी उतरली की वाइंडिंगचा वरचा भाग उघडा पडतो, आणि तिथूनच डीपी जळते.