शाकाहारी आई-वडिलांना घेऊन थायलंडला जात आहोत. तिथे रस्त्यावरच्या गाड्यांवर खावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, येत्या मार्चमध्ये आपण आई-वडिलांना घेऊन हैदराबादहून बँकॉकला जाणार आहात, घरात अंडेही चालत नाही, सहलवाले "बाहेरचे काही खाऊ नका, आपला स्वयंपाकी सोबत असतो" असे बजावत आहेत आणि आपल्याला मात्र तिथले काहीच न चाखता परत यायचे नाही. मी लातूरचा असून आईला घेऊन 2018 च्या मार्चमध्ये आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये असा दोनदा बँकॉकला जाऊन आलो आहे. आई माळकरी आहे. अवश्य खावे, असेच माझे उत्तर आहे. मात्र त्याआधी दोन भीती वेगळ्या कराव्या लागतात. पोट बिघडेल ही एक भीती आणि नको ते पोटात जाईल ही दुसरी. सहलवाले या दोन्हींची मोट बांधून माणसाला घाबरवतात. पहिलीसाठी आपली घरचीच नजर पुरते. दुसरीसाठी नजरेचा काही उपयोग नाही, तिथे शब्द यावे लागतात.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात भजी घेताना आपण काय पाहतो? कढई पेटलेली आहे का, घाणा निघाला की लगेच संपतो आहे का, आणि गाड्याभोवती रोजचे गिऱ्हाईक आहे का. बँकॉकच्या गाड्यालाही हीच कसोटी लावावी. अन्न बिघडवणारे जिवाणू साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. त्यामुळे डोळ्यांदेखत तव्यावरून उतरलेला आणि वाफ निघत असतानाच खाल्लेला पदार्थ हा झाकून ठेवलेल्या कोमट पदार्थापेक्षा केव्हाही बरा. मी हे अनुभवाने सांगतो. पहिल्या सहलीत माझे पोट बिघडले ते गाड्यावर खाऊन नव्हे, तर सहलीच्या स्वयंपाक्याने पहाटे करून डब्यात भरलेला भाजीभात अयुथया या जुन्या राजधानीच्या वाटेवर दुपारी दोन वाजता बसमध्ये खाऊन. शिजवून तसाच कोमट राहिलेला भात हे जिवाणूंचे आवडते घर असते. 'आपले जेवण' या शब्दावर विश्वास ठेवून आमच्या बसमधले सात जण त्या रात्री जागे होते.

पाणी बाटलीबंदच घ्यावे. बर्फाबद्दल आपल्याकडे धास्ती असते, पण तिथे पेल्यात बहुधा मध्ये आरपार भोक असलेल्या नळकांड्यांसारखा बर्फ दिसतो. तो कारखान्यात तयार होऊन येतो आणि मला त्याचा त्रास झाला नाही. लादी फोडून केलेला चुरा मात्र टाळावा. फळे समोर सोलून, चिरून मागावीत. पेरूच्या फोडींबरोबर मीठ, साखर आणि तिखट यांची पुडी मिळते, तेव्हा आपण परदेशात आहोत हे क्षणभर विसरायला होते.

आता दुसरी भीती, जी खरी आहे. थाई स्वयंपाकात मिठाचे बरेचसे काम 'नाम प्ला' करते. हे माशांना मीठ लावून, महिनोन्महिने मुरवून काढलेले पातळ पाणी असते. वर हिरव्यागार भाज्या दिसत असल्या तरी आत ते असतेच. कालवणाच्या वाटणातही सुकवलेल्या कोळंबीचा लगदा असतो आणि फाद थाय या परतलेल्या शेवयांमध्ये तर कोळंबी, अंडे आणि नाम प्ला असे तिन्ही सापडते. म्हणून 'भाज्या घातलेले' आणि 'शाकाहारी' हे दोन शब्द तिथे एक नाहीत. आपल्याला हवा तो शब्द 'जे' असा आहे. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि त्याची अक्षरे 17 या आकड्यासारखी दिसतात, त्यामुळे लिपी येत नसली तरी लांबून ओळखू येतो. 'जे' पदार्थांत मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो; म्हणजे आपल्या चातुर्मासापेक्षाही कडक. 'मंगसविरत' असाही एक शब्द कानावर येईल, पण त्यात अंडे चालते, हे लक्षात असू द्यावे.

या 'जे' आहाराचा तिथे नऊ दिवसांचा उत्सवच असतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात तो येतो, आणि 2023 मध्ये तो 15 ऑक्टोबरला, आपल्या घटस्थापनेच्याच दिवशी सुरू झाला. आमचे घट थोरल्या भावाकडे बसतात आणि आईचे उपवास उठता-बसता असतात, म्हणून मधल्या दिवसांत तिला जेवता येत होते. यावरात या चिनी वस्तीच्या रस्त्यावर दुतर्फा पिवळ्या पताका, पांढऱ्या कपड्यांतली माणसे आणि गाड्यागाड्यांवर तळले जाणारे सोयाबीनचे पनीर पाहून आई म्हणाली, "तुळजापूरला आल्यासारखे वाटते, फक्त हलगी नाही." आपण मार्चमध्ये जात असल्याने हे दिसणार नाही; ठरावीक 'जे' गाडे मात्र बारमाही असतात.

नेहमीच्या गाड्यावर खायचे असेल, तर सोम तामपासून सुरुवात करावी, असे मी म्हणेन. कच्च्या पपईचा किसासारखा लांब चिरलेला गर, चवळीच्या कोवळ्या शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे, लसूण, मिरची, ताडाचा गूळ आणि लिंबाचा रस असा तो प्रकार आहे. खल मातीचा आणि मुसळी लाकडाची असते, त्यामुळे आपल्या दगडी खलासारखे वाटण होत नाही. पपई नुसती ठेचाळते आणि रस आत घेते. गाड्यावरची बाई एका हाताने मुसळी मारत असते आणि दुसऱ्या हातातल्या पळीने तळातले वर आणत असते. 'पोक पोक' असा आवाज सतत चालू असतो. मिरच्या किती, हे ती बोटे दाखवून विचारते. मराठवाड्याच्या अभिमानाने मी चार बोटे दाखवली. लवंगी मिरचीवर वाढलेल्या माणसालाही त्या इवल्याशा मिरच्यांनी डोळे पुसायला लावले, हे मी येथे मोकळेपणाने कबूल करतो. आईने एकच बोट दाखवले होते आणि ती शेवटपर्यंत शांतपणे खात राहिली.

हा पदार्थ मुळात थायलंडच्या ईशान्येकडील पठारावरचा आणि शेजारच्या लाओसचा. त्या भागाचे नावच 'इसान' आहे. आपल्या 'ईशान्य' या शब्दाचे मूळ तेच त्याचे मूळ. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि पोटासाठी लोक राजधानीत जाणार, असा तो मुलूख आहे. बँकॉकच्या टॅक्सीवाल्यांत आणि सोम तामच्या गाड्यांवर इसानची माणसे मोठ्या संख्येने आढळतात. पुण्यात पिंपरी-चिंचवडला गेलेला आपल्याकडचा माणूस धपाटे आणि ठेच्याचा गाडा लावतो, त्यापेक्षा यात काय निराळे आहे? शेंगदाणे, मिरची आणि पपई ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांमुळे आशियात पसरलेली. आपला ठेचा आणि त्यांचा सोम ताम या अर्थाने मावसभाऊ लागतात.

सोम ताम मागताना 'ताम थाय' म्हणावे, कारण मुरवलेल्या मासळीचा 'प्ला रा' आणि कच्चे खेकडे घातलेला इसानी प्रकार आपल्या कामाचा नाही. त्यापुढे 'माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग' म्हणजे माशाचे पाणी नको, सुकी कोळंबी नको. आणि 'साय क्लुआ' म्हणजे मीठ घाला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खल. आधीच्या गिऱ्हाइकाच्या कोळंबीचे तुकडे त्यात चिकटलेले असतात, तेव्हा खल धुऊन घेण्याची खूण करावी. आमच्या बाईने हसत पाणी ओतून तो विसळला. वडिलांना तेवढ्यानेही समाधान होणार नसेल, तर त्यांच्यासाठी 'जे' गाडाच शोधावा. उगीच आग्रह करू नये.

मार्चमध्ये मिळणारे आणि कोणालाही निर्धास्तपणे देता येण्याजोगे म्हणजे आंबा आणि चिकट भात. वाफवलेला चिकट भात नारळाच्या घट्ट दुधात, साखर आणि चिमूटभर मीठ घालून मुरवलेला असतो, शेजारी पिकलेल्या आंब्याच्या फोडी आणि वर भाजलेली मुगाची डाळ. आमरसाबरोबर पोळी खाणाऱ्यांना भात विचित्र वाटेल, पण दुसरा घास आपोआप जातो. मधुमेह असलेल्यांनी मात्र एका पानात दोघांनी भागवावे. सकाळी 'खनोम क्रोक' पाहावेत: आप्पेपात्रासारख्याच बिडाच्या साच्यात तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध ओतून केलेले, बाहेरून कुरकुरीत आणि आत पातळसर. ते जिभेला चटका बसेल इतके गरम मिळतात, आणि तेच आपल्याला हवे आहे.

सामानात जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. ती संपली, तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट 6 चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लिहून ठेवावे. ताप आला, शौचातून रक्त गेले किंवा वयस्कर माणसाची लघवी कमी झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. पहिल्या दिवशी एकच पदार्थ, थोडासा, संध्याकाळी खावा. म्हणजे त्रास झालाच, तर कशामुळे झाला हे तरी कळते.

एका पदार्थापासून मात्र आपल्या आई-वडिलांना दूर ठेवावे, तो म्हणजे केळ्याची रोटी. तव्यावर कणीक हवेत फिरवून पातळ करतात, केळे घालून घडी घालतात आणि वर आटवलेले गोड दूध सोडतात. थाई भाषेत 'माय' म्हणजे नाही, 'साय' म्हणजे घालणे आणि 'खाय' म्हणजे अंडे. मी गाड्यावाल्याला मोठ्या आत्मविश्वासाने "माय साय खाय" म्हणालो, तेव्हा शेजारी उभी असलेली आई चकित होऊन म्हणाली, "इथे कुठली रे साय?" त्याने अंडे फोडले नाही, आईने रोटी आवडीने खाल्ली आणि दुसऱ्या दिवशीही मागितली. कणीक मळतानाच तिच्यात पुष्कळदा अंडे घातलेले असते, हे मला लातूरला परतल्यावर कळले. आईला मी ते अद्याप सांगितलेले नाही.