पार्सल लॉकर टाकताय? आधी कप्प्यांची फिरत मोजा

रत्नागिरी-चिपळूणकडे पार्सल लॉकर, म्हणजे कुरिअरवाला पार्सल ठेवून जातो आणि गिऱ्हाईक सवडीने नेतं ते कप्प्यांचं कपाट, बसवायचा असेल, तर यंत्राच्या किमतीआधी एक कप्पा किती वेळा रिकामा होतो ते बघा. समजा ४० कप्पे आहेत. गिऱ्हाईक २ दिवसांनी पार्सल नेत असेल, तर महिन्याला जास्तीत जास्त ६०० पार्सलं. तेच २४ तासांत नेलं, तर १,२००. भाडं, वीज, इंटरनेट, हप्ता तेवढाच. पार्सलमागचा खर्च मात्र निम्मा. म्हणून मुदत ४८ तासांचीच ठेवा, २४ तासांनी आठवणीचा मेसेज जाऊ द्या, मुदत संपली की पार्सल परत. इथे भीड धरलीत की गणपतीच्या आधी कप्पे तुंबलेच.

कमाई येते ती वाचलेल्या फेरीतून. डिलिव्हरीवाला वाडीतली पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून जातो आणि घराला कुलूप! म्हणजे पुन्हा फेरी; लॉकर असला की ती वाचते. कुरिअरकडे त्या दुसऱ्या फेरीच्या खर्चातला वाटा मागा. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल मात्र यूपीआयने पैसे जमा झाल्यावरच कप्पा उघडत असेल तर घ्या.

खारी हवा फार वाईट. पावडर कोटिंगला ओरखडा गेला की साधा पत्रा बिजागरीपासून गंजायला लागतो. निदान बिजागऱ्या आणि स्क्रू तरी ३१६ स्टीलचे (खाऱ्या हवेत कमी गंजणारं स्टेनलेस स्टील) घ्या. पागोळ्या अंगावर पडतील अशी जागा नको. चिपळुणात जुलै २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारी विचारूनच करार करा.

आणि हापूसची पेटी लॉकरात घेऊ नका. बंद कप्प्याच्या उष्म्यात आंबा लवकर उतरतो.