तुलुमला मुक्काम असताना एका दिवसात सायकलवरून प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष पाहता येतील का? कोणते ठिकाण निवडावे?

होय, आणि त्यासाठी मेक्सिकोच्या किंताना रो राज्यातील, तुलुमपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले कोबा हेच ठिकाण निवडावे. या नगराची रचनाच त्याचे कारण आहे: येथील वास्तुसमूह तळ्यांभोवतीच्या दाट जंगलात एकमेकांपासून दूर विखुरलेले असून त्यांच्यामधील वाटा सपाट व सावलीच्या आहेत, आणि प्रवेशद्वाराच्या आत सायकली भाड्याने मिळतात. माया लोकांनी दगड रचून व वर चुनखडीचा थर देऊन बांधलेले पांढरे उंच रस्ते, म्हणजे साकबे, येथूनच चहूकडे जात. त्यांपैकी याशुना नगरापर्यंतचा रस्ता सुमारे १०० किलोमीटर लांबीचा आहे. बहुतेक प्रवासी थेट ४२ मीटर उंचीच्या नोहोच मुल या पिरॅमिडकडे जातात. माझ्या मते मात्र माकानशोक समूहातील कोरीव शिलास्तंभांना अधिक वेळ द्यावा. त्यांतील पहिल्या स्तंभावर मायांच्या कालगणनेचा आरंभदिन, इ.स.पू. ३११४ मधला, विलक्षण मोठ्या आकड्यांच्या ओळीत कोरलेला आहे, आणि काळाचा एवढा विशाल विचार दगडावर उमटलेला पाहणे हा खरोखर थक्क करणारा अनुभव आहे. चेंडूच्या खेळाची मैदाने वाटेतच लागतात. सकाळी द्वार उघडताच पोहोचावे, कारण दुपारी उकाडा व गर्दी दोन्ही वाढतात. मात्र पिरॅमिडवर चढण्याचे नियम अलीकडच्या वर्षांत बदलत आले आहेत, त्यामुळे केवळ चढण्यासाठी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.