'निर्जंतुक' कातडी आणि जंतांची गोळी

उदगीरच्या एका सिस्टरांचा प्रश्न आहे. त्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी पेशंटच्या हाती द्यायचं माहितीपत्रक मराठीत करायचं चाललंय. त्यांनी लिहिलं, 'ऑपरेशनच्या जागेची त्वचा निर्जंतुक केली जाईल.' डॉक्टरांनी खोडून लिहिलं, 'त्वचेवर जंतुनाशक लावले जाईल.' यातलं बरोबर कुठलं? आणि 'पार्ट प्रिपरेशन'ला, म्हणजे ऑपरेशनची जागा तयार करण्याला, मराठीत काय म्हणायचं?

मला विचाराल तर दोन्ही वाक्यं नकोत.

'निर्' लागला की मामला संपला, शिल्लक काही राहत नाही. रस्त्यावर चार माणसं दिसली तर त्याला आपण निर्जन म्हणत नाही. शेवटचा 'क' हा 'निरर्थक', 'सपत्नीक' यांतलाच, बहुव्रीही समासाचा. तेव्हा निर्जंतुक म्हणजे ज्यावर एकही जंतू नाही असं. कात्री, चिमटे, गॉज यांना तो शब्द शोभतो, कारण ती ऑटोक्लेव्हमधून दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत शिजून निघालेली असतात. माणसाचं कातडं असं शिजवता येत नाही. वरचे जंतू औषधानं मरतात, पण केसांच्या मुळाशी आणि तेलकट ग्रंथींमध्ये काही दडून राहतातच आणि काही तासांत पुन्हा वर येतात. जंतूंची संख्या खूप खाली आणायची आणि ऑपरेशन होईस्तोवर तिथंच रोखून धरायची, एवढंच हातात असतं. म्हणून निर्जंतुक हत्यार बरोबर, निर्जंतुक त्वचा चूक.

आता डॉक्टरांचा 'जंतुनाशक'. हा शब्द आपण फरशी पुसायच्या फिनाइललाही वापरतो आणि जखमेवरच्या औषधालाही. डॉक्टरी भाषेत हे दोन वेगळे प्रकार आहेत: एक निर्जीव वस्तूंसाठी, दुसरा जिवंत कातडीला सोसवेल असा. दुसऱ्याला परिभाषेत 'पूतिरोधक' म्हणतात. 'पूति' म्हणजे कुजकी दुर्गंधी. शब्द मुळाला धरून आहे, कारण 'अँटिसेप्टिक' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही कुजणं असाच आहे. १८६७ साली जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जननं कार्बोलिक आम्लाबद्दल लिहिलं तेव्हा त्याचा रोख जखम कुजू न देण्यावरच होता. पण उदगीरच्या वॉर्डात 'पूतिरोधक' कोणाला कळणार? लोकांना ती एखाद्या देवीची पूजा वाटेल.

'जंतुनाशक'ची खरी अडचण निराळीच आहे. आपल्याकडं पोटातल्या किड्यांना 'जंत' म्हणतात. शाळेत, अंगणवाडीत लेकरांना अल्बेंडाझोलची गोळी देतात ती 'जंतनाशक'. एका उकाराचा फरक, तोही बोलताना ऐकू येत नाही. परभणीत एका आजीनं सिस्टरला विचारलेलं मी स्वतः ऐकलंय, "पोटातले जंत मारायला वरून काय लावायलात ओ?" वर आणखी 'नाशक' म्हटलं की कापूस-सोयाबीनवाल्याला कीटकनाशक आठवतं, पाठीवरच्या पंपासकट.

(जाता जाता: सुटा शब्द 'जंतू', पण समासात 'जंतुनाशक', 'जंतुसंसर्ग'. संस्कृतात मुळात ऱ्हस्व असलेला तत्सम शब्द समासात आधी आला की ऱ्हस्वच राहतो. निम्म्या बाटल्यांवर 'जंतूनाशक' छापलेलं असतं.)

मी 'जंतुरोधक औषध' लिहीन. 'रोधक'मध्ये अडवणं आहे, आणि घडतंही तसंच. तोंडी सांगताना मात्र नुसतं 'बेटाडीन' म्हणावं. तो ब्रँड असला तरी नाव घराघरांत रुळलंय. त्याऐवजी स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडीन वापरत असाल तर 'स्पिरिटमधलं औषध' म्हटलं तरी भागतं.

नामापेक्षा क्रियापदच जास्त घात करतं. ऑपरेशन थिएटरमध्ये हे औषध लावायला 'पेंट करा' म्हणतात, आपापसात ते ठीक आहे. पत्रकात 'औषधाने पुसणे' मात्र टाळा. माझ्या आत्याच्या हर्नियाच्या वेळी वॉर्डातच पोटाला बेटाडीन लावलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "औषधानं पोट पुसून घेतलंय, असंच राहू द्या." माझ्या भावाच्या कानात 'औषध' आणि 'पुसून' एवढंच शिरलं. त्यानं टॉवेल घेतला अन् चांगलं खसाखसा पुसून काढलं. टॉवेल तांबडा, सिस्टर लालबुंद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. बेटाडीनचं काम वाळता वाळता होतं, आणि स्पिरिटवालं औषध ओलं राहिलं तर कॉटरीच्या (रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाच्या) ठिणगीनं पेट घेऊ शकतं. म्हणून 'लावणे' आणि 'वाळू देणे' ही दोनच क्रियापदं पुरेत. 'लावणे'लाही खोड आहे म्हणा. वसमतकडच्या एका म्हातारीनं पोटावरचा तो पिवळा-तांबडा रंग बघून म्हटलं होतं, "या वयात हळद लावायलात का?"

राहिलं 'पार्ट प्रिपरेशन'. 'अंगतयारी', 'भागसिद्धता' असले शब्द घडवू नका. वॉर्डात त्याचा अर्थ जागा धुणं आणि गरज पडली तरच तिथले केस काढणं. तेच सरळ लिहा, पण 'काढणे'ऐवजी 'कापणे' वापरा. 'काढणे' म्हटलं की आपल्या माणसाला वस्तरा दिसतो. वस्तऱ्यानं बारीक ओरखडे पडतात अन् त्यांत जंतूंना घर मिळतं, म्हणून आता क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं, नुसते आखूड करतात. खेड्यातून येणारे उत्साही लोक आदल्या दिवशीच न्हाव्याकडं जाऊन पोट भादरून येतात. तेव्हा पत्रकात असं लिहिता येईल:

'आदल्या दिवशी साबण लावून अंघोळ करा. घरी वस्तरा लावू नका. गरज पडल्यास ऑपरेशनच्या जागेचे केस आम्ही मशीनने कापू. नंतर तिथे जंतुरोधक औषध लावू. ते वाळू द्या, हात लावू नका.'

'त्वचा' शब्द मुद्दाम गाळलाय. 'जागा' म्हटलं की सगळ्यांना कळतं.