जुन्या फोर बाय फोरचा लीव्हर फोर हायमध्ये अडकतो, वळताना गाडी धरते, ट्रान्सफर केस खोलावी का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. वीस-पंचवीस वर्षं जुनी डिझेल गाडी घेतलीत, फोर हाय (चारही चाकांना ताकद) टाकून वळायला गेलं की स्टिअरिंग जड होतं, गाडी मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखी अडते, मग लीव्हर टू हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) येतच नाही आणि मेकॅनिक म्हणतोय ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) खोलू. तर थांबा, अजून काहीही खोलू देऊ नका. आधी हे सांगा की हे सगळं कोरड्या डांबरी रस्त्यावर करून बघितलंत का? तसं असेल तर बहुतेक गाडीत काहीही बिघडलेलं नाहीये.

जुन्या गाड्यांमधली बरीचशी सिस्टीम पार्ट टाइम असते, म्हणजे फोर व्हील टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) एकमेकांना घट्ट बांधून टाकते, मध्ये दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियल नसतं. पण वळणावर पुढची चाकं मोठ्या गोलात फिरतात आणि मागची लहान गोलात, त्यामुळे पुढच्यांना जास्त फिरायचं असतं आणि शाफ्ट फिरू देत नाहीत. चिखलात, वाळूत टायर थोडा घसरून हा फरक भरून काढतो, डांबरावर घसरायला जागाच नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये साठत जातो आणि आतले दात एकमेकांवर इतके दाबून बसतात की लीव्हर हलत नाही. अशा वेळी लीव्हरवर जोर अजिबात लावू नका, शिफ्ट फोर्क (आतला गिअर सरकवणारा काटा) वाकतो आणि मग खरंच खोलावं लागतं. सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ उलगडला की लीव्हर दोन बोटांनी येतो.

आता सरळ रस्त्यावर पण लीव्हर अडकत असेल तर टायर बघा, आणि हे मी कळकळीने सांगतोय कारण माझ्या गाडीला हेच झालं होतं. मेकॅनिकने ट्रान्सफर केस उतरवली, खोलली, आत सगळं ठणठणीत, परत बसवली, त्रास तोच. शेवटी लक्षात आलं की पुढचे दोन टायर नवे होते आणि मागचे झिजलेले, साइज कागदावर एकच. हिशोब करून बघा, चाकाची त्रिज्या ३५० मिमी धरली तर एका किलोमीटरला साधारण ४५५ फेरे होतात, ३४५ मिमी झाली तर ४६१, म्हणजे फक्त ५ मिमीच्या फरकाने दर किलोमीटरला सहा-साडेसहा फेऱ्यांचा पीळ पडतो. म्हणून चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा, गाडी सपाट जागी उभी करा आणि टेपने हबच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं माप चारही बाजूंनी घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

टायर सारखे निघाले आणि कच्च्यावरही लीव्हर अडतोय, तर एक टेस्ट आहे जी न खोलता आतलं सांगते. पुढच्या चाकांचे हब (चाक आतल्या अॅक्सलला जोडणारे किंवा सोडणारे) बाहेरून हाताने लॉक करायचे असतील तर एक पुढचं चाक जॅकवर घ्या, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा (नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नको, आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला राहिली तर गाडी गिअरमध्ये टाकूनही धरत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं). लीव्हर टू हायमध्ये ठेवून जमिनीवरच्या पुढच्या चाकाचा हब लॉक करा आणि जॅकवरच्या चाकाचा फ्री करा, ते चाक फिरवा, पुढचा शाफ्ट गप्प राहायला हवा. मग हाही हब लॉक करा, आता चाकाबरोबर शाफ्ट फिरायला हवा. फ्री असतानाही शाफ्ट फिरला तर हब आतून चिकटलाय, तो खोलून साफ करून हलकं ग्रीस लावलं की बरेचदा सुटतो. लॉक करूनही चाक मोकळंच फिरलं आणि शाफ्ट जागचा हलला नाही तर हब पकडत नाहीये. आणि लॉक केल्यावर चाकच फिरेना तर ट्रान्सफर केस आतून सुटलेलीच नाही, पण तेव्हाही आधी खालून लीव्हरच्या काड्या आणि बुश बघा, वर्षानुवर्षं चिखल-पाण्यात राहून गंजतात आणि लीव्हर पूर्ण सरकतच नाही.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना ‘खट्’ असा आवाज येतो. तो बहुतेक शाफ्टच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाला असलेला, वाकून फिरू देणारा जॉइंट). इंजिन बंद, ठोकळे लावून खाली जा, क्रॉसच्या दोन्ही बाजूंना हात धरून उलटसुलट पिळा. जरासुद्धा प्ले जाणवला किंवा कपाच्या कडेला विटकरी रंगाची भुकटी दिसली तर क्रॉस गेला, बदला. उतरवण्याआधी फ्लँज आणि स्लाइडिंग जॉइंट दोन्हीवर पेंटने खूण करा, एक दात इकडेतिकडे बसला तरी गाडी थरथरते. क्रॉस चांगला असेल तर ग्रीस गनने चारही सीलमधून नवीन ग्रीस डोकावेपर्यंत मारा.

ट्रान्सफर केस किंवा डिफरेन्शियलचं ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडवा, मग खालचा, नाहीतर सगळं काढून बसाल आणि वरचा गंजलेला निघणार नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, सील बदलण्याआधी ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर होऊ देणारी) नळी फुंकून बघा, ती तुंबली की गरम हाउसिंग पाण्यात गार होऊन सीलमधून पाणी ओढून घेतं. खालच्या बोल्टच्या मॅग्नेटवर काळी पेस्ट चालते, चकाकणारे तुकडे नाही.

आधी चार टायरची मापं घ्या आणि इथेच लिहा, कच्च्या रस्त्यावर लीव्हर सुटतो का तेही, मग पुढचं बघू.