इम्प्लांटआधी हिरड्यांची मापं कागदावर मागा

ताई, आईंच्या खालच्या दोन दाढा हालून काढाव्या लागल्या, हिरड्यांतून अजून रक्त येतंय आणि डॉक्टर म्हणतात 'शनिवारी इम्प्लांटचा (नकली दातासाठी हाडात बसणारा) स्क्रू बसवू, सफाई नंतर बघू', हे वाचून राहवलं नाही. माझं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, आईंच्या बाकीच्या तब्येतीचं मला काही माहीत नाही. तरी सांगतो, शनिवार जाऊ द्या.

इथल्याच एका दवाखान्यात मला पायरिया (हिरड्यांचा आजार) असताना इम्प्लांट बसवलं. एक्स-रे झाला, हप्तेही ठरले. पण हिरडीची मापं कुणी घेतली नाहीत. खुणा असलेल्या बारीक सळीनं प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५-६ भरली आणि रक्त आलं, तर आजार चालूच आहे. शेजारच्या दातांतले तेच जंतू इम्प्लांटपाशी पोचतात आणि हाड खातात. दात हाडाशी ज्या तंतूंनी बांधलेला असतो, ते इम्प्लांटला नसतात, म्हणून पू खोल उतरायला वेळ लागत नाही. त्यात दुखतही नाही. माझं हाड बरंच गेल्यावर कळलं.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी पहिलंच विचारलं, कंपनी कुठली, साइज काय? इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते पेशंटला कार्डावर लावून द्यायला हवं. मला दिलंच नव्हतं. पहिल्या दवाखान्यात विचारलं की 'फाइल सापडत नाही', 'मॅडम सुट्टीवर आहेत'. स्क्रूची जात कळल्याशिवाय वरची कॅप सोडवायला कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल हेही कळत नाही हो! आपल्या तोंडात काय बसवलंय ते आपल्यालाच सांगत नाहीत, याचा राग अजून जात नाही.

माझं मत असं : आधी हिरड्यांचे एमडीएस (त्यातलेच तज्ज्ञ) डॉक्टर गाठा. मुळांपर्यंत सफाई, मग सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मापं, आणि ती आटोक्यात आली तरच सीबीसीटी (जबड्याच्या हाडाचा थ्रीडी स्कॅन) आणि इम्प्लांट. खर्चाचा प्रश्न असेल तर नवे पारगावचं किंवा सांगलीचं डेंटल कॉलेज बघा. वेळ जातो, पण हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची रक्ततपासणी) करून घ्या. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि मिश्री लावत असतील तर ती सुटल्याशिवाय मी तरी पैसे घालणार नाही. आमच्याकडच्या बायकांना हे कुणी स्पष्ट विचारतच नाही.

दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश आजच आणा, तो पुढंही कायम लागणार आहे.

ॲडव्हान्स भरला असेल तर सोडू नका. 'आधी सफाई करा, पैसे त्यात धरा' असं सांगा, आणि मापांच्या तक्त्याची प्रत घेऊनच बाहेर पडा.